पाचव्या चाकाचा दिवा

साहेबांकडे मी साडेसहा वर्षं गाडी चालवली आणि तेवढ्या काळात माझं स्वतःचं लायसन माझ्या हातात चार-पाच वेळाच आलं असेल. मूळ लायसन त्यांच्या मुंबईच्या घरी लोखंडी कपाटात, गाडीच्या कागदपत्रांबरोबर असायचं. मी झेरॉक्सवर गाडी चालवायचो. खासगी ड्रायव्हर पळून जाऊ नये म्हणून मालक लोक असं लायसन ठेवून घ्यायचे आणि आम्हीही ते निमूट द्यायचो. "गाडी तुझ्या हातात, लायसन माझ्या हातात," असं साहेब हसत म्हणायचे. मीही हसायचो. ड्रायव्हरच्या कामात तेही आलंच.

माझं गाव सापगावच्या बाजूचं. नव्वदच्या दशकात मी आसनगावहून विटांचा, भाजीचा टेम्पो चालवला, अवजड गाडीचं लायसन काढलं आणि सरकारी बसच्या ड्रायव्हरच्या जागेसाठी अर्ज करत राहिलो. दोनदा नाव आलं नाही. मधल्या काळात लग्न झालं, दोन मुली झाल्या, मग कोणाच्या तरी ओळखीनं साहेबांकडे लागलो. साहेब मराठीच. कारखाना मुलाच्या हवाली करून मोकळे झालेले, स्वभावानं वाईट नाहीत, पण त्यांचं घड्याळ तेच आपलं घड्याळ. निघू म्हणाले की निघायचं, थांबू म्हणाले की थांबायचं. ते थांबणं माझ्या अंगात इतकं भिनलं होतं की घरी जेवायला बसलो तरी मला कोणी तरी हाक मारणार आहे असं वाटत राहायचं.

तिसऱ्यांदा अर्ज केला तेव्हा नाव आलं. वयाची मर्यादा त्याच वर्षी संपत होती, म्हणजे ही शेवटचीच संधी. मंगळवारी सकाळी आठ वाजता ठाण्याला गाडी चालवण्याची चाचणी, आणि येताना मूळ लायसन आणायचं, झेरॉक्स चालणार नाही, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं.

हे साहेबांना सांगायची माझी छाती झाली नाही. माझ्या आधीच्या ड्रायव्हरनं दुसरी नोकरी मिळाल्याचं सांगितलं, तेव्हा नवा माणूस मिळेपर्यंत महिनाभर त्याचं लायसन कपाटातून निघालंच नाही, असं बंगल्यावरच्या स्वयंपाकीण मावशींनी मला सांगितलं होतं. मी वेगळा बेत केला. रविवारी संध्याकाळी मुंबईला पोचायचं, साहेबांच्या पत्नीला, बाईसाहेबांना, सांगायचं की नूतनीकरणासाठी लायसन हवं आहे, मंगळवारी चाचणी द्यायची आणि बुधवारी काही झालंच नाही अशा तोंडानं परत ठेवायचं. पत्र मी गाडीच्या पुढच्या कप्प्यात, गाडीच्या माहितीपुस्तकात घालून ठेवलं. गाडी जपानहून आलेली, वापरलेली, म्हणून ते पुस्तकही जपानी. ते कोण उघडणार, असा माझा हिशेब.

साहेबांचा बंगला मुरबाडच्या पुढे, नदीच्या अंगाला. त्या गुरुवारी आम्ही तिथे पोचलो. भाताची झोडणी नुकतीच झाली होती. दरवर्षी माझ्या घरचा नवा तांदूळ साहेबांकडे जायचा, शिवाय त्यांच्या बहिणीकडे, व्याह्यांकडे. शुक्रवारी तो आणायला त्यांनी मला एकट्याला घरी पाठवलं. सीटवर पोतं ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. गाडीच्या सीट दुधाच्या सायीच्या रंगाच्या होत्या आणि आमची पोती आमच्यासारखीच, मातीत लोळलेली. डिकीत चार मावली. पाचवं काही केल्या बसेना. मग मी डिकीच्या तळाचा गालिचा उचलला, खालच्या खड्ड्यातली स्टेपनी काढली आणि तिथे पाचवं पोतं आडवं निजवलं. स्टेपनी पडवीत ठेवली. पुढच्या खेपेला नेऊ, असं बायकोला सांगितलं. आमच्याकडे टेम्पोवाले हंगामात सगळे हेच करतात. माल महत्त्वाचा, स्टेपनीचं काम कधी तरी पडतं.

परत येताना वीस-पंचवीस मिनिटांनी समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लुकलुकायला लागला. बसलेल्या चाकाचं चित्र आणि त्यात उद्गारवाचक चिन्ह. मिनिटभर लुकलुकला आणि मग टक लावून बघावं तसा पेटूनच राहिला. मी उतरलो, चारी चाकांना लाथा मारून पाहिलं. ठणठणीत. पाच पोत्यांचं वजन आहे, म्हणून तक्रार करत असेल, असं मी म्हटलं. बंगल्यावर पोती ओसरीत उतरवली, गालिचा पुन्हा खड्ड्यावर नीट पसरला. दिवा तसाच.

साहेबांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. हा चाकातल्या हवेचा दिवा आहे, त्यांनी सांगितलं, कोणत्या तरी चाकात हवा कमी झाली की लागतो. हा विझल्याशिवाय ते गाडीत बसणार नव्हते. दुसऱ्या गाडीतही नाही, कारण अनोळखी ड्रायव्हरशेजारी ते बसतच नसत. त्यांना कसलीच घाई नव्हती. बंगला होता, मावशींच्या हातचं गरम जेवण होतं, नदी होती. घाई मला होती आणि ती मला दाखवता येत नव्हती.

शनिवारी सकाळी मुरबाडला जाऊन हवा भरून घेतली. दिवा गेला नाही. थोडी सोडली, पुन्हा भरली. नाही गेला. बॅटरीची वायर काढून अर्धा तास गाडी झाडाखाली उभी केली, हा इलाज एका रिक्षावाल्यानं सांगितला होता. वायर जोडली, दिवा काही वेळ दिसला नाही, मी देवाचं नाव घेतलं, आणि बंगल्याच्या वळणावर तो पुन्हा लुकलुकला. सर्व्हिस सेंटरला फोन लावला तर गाडी घेऊन या म्हणाले, उचलून न्यायची असेल तर त्यांची गाडी बुधवारी मोकळी होईल. बुधवार म्हणजे चाचणी गेलीच.

दुपारी नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे चारी चाकं उतरवली. चांगला वयस्कर, कामातला माणूस. एकेक चाक पाण्याच्या टाकीत बुडवून फिरवलं, एक बुडबुडा नाही. मग त्यानं एक टायर रिंगवरून सोडवला आणि आत डोकावून थांबला. व्हॉल्व्हच्या मुळाशी काड्यापेटीएवढी काळी डबी होती.

"हे काय बांधलंय आत?" असं म्हणत त्यानं पकड उचललीसुद्धा. मी त्याचा हात धरला. चाकातली हवा मोजून दिव्याला कळवणारी ती वस्तू हीच असणार, एवढं मला तेव्हा कळलं. त्यानंही पकड खाली ठेवली आणि त्या डबीकडे जरा आदरानं पाहिलं. चारी चाकांत एकेक डबी निघाली. कोणती मेली आहे आणि कोणती जिवंत आहे, ते सांगायला आम्हा दोघांकडे काही साधन नव्हतं. जाताना त्यानं मला काळ्या चिकटपट्टीचा तुकडा दिला. "चाकं टकाटक हायत. दिव्याला झोपवा," म्हणाला.

मी रात्रभर त्या तुकड्याचा विचार केला आणि रविवारी सकाळी तो दिव्यावर चिकटवला. मला माझी लाज वाटली नाही, हे कबूल करतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, मी तर फक्त चिकटपट्टी धरली होती. साहेबांना सांगितलं, गेला दिवा. ते आले, शेजारच्या सीटवर बसले, मला किल्ली फिरवायला सांगितली. गाडी सुरू होताना क्षणभर सगळे दिवे लागतात. ते बोटानं मोजत होते.

"आठ लागायला हवेत. सात लागले," ते म्हणाले. मग वाकून त्यांनी नखानं ती पट्टी काढली, घडी करून माझ्या हातात दिली. "दिवा झाकून चाक भरत नाही."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते आत जाऊन पेपर वाचत बसले. मी गाडी उगाचच पुसत राहिलो. मुंबईला पोचायचा रविवार माझ्यासमोरून निघून चालला होता आणि मी फडकं हातात घेऊन उभा होतो. एसटीनं एकट्यानं जावं तर लायसन कपाटात. लायसन मागावं तर कारण सांगावं लागणार. साहेबांनी डिकी उघडून गालिचा उचलला तर आणखीच पंचाईत. दर वेळी ते गाडीच्या मागच्या बाजूला गेले की मी फडकं घेऊन डिकीपाशी जाऊन उभा राहायचो. म्हणतात ना, खाई त्याला खवखवे.

संध्याकाळी त्यांनी मला ओसरीत बोलावलं, समोर बसायला सांगितलं. एरवी मी त्यांच्यासमोर बसत नसे. मी तांदळाच्या पोत्यावर टेकलो. त्यांनी सकाळचा विषय काढला नाही. आपल्या थोरल्या भावाविषयी सांगायला लागले. नऊ वर्षांपूर्वी दोघे भाऊ नाशिकहून येत होते. उंबरमाळीच्या आसपास हमरस्त्यावर टायर फुटला. गाडी सावरली, कडेला लागली, कोणाला खरचटलंही नाही. ड्रायव्हर डिकी उघडून गप्प उभा राहिला. स्टेपनी पंक्चर होती म्हणून त्यानं ती आदल्या दिवशी दुकानात टाकली होती आणि सांगितलं नव्हतं. मग साहेब आणि ड्रायव्हर टायर शोधायला चालत निघाले. भावाच्या पायाला चालणं झेपत नसे, तो गाडीतच बसला. तासाभरानं टायर घेऊन ते परत आले तेव्हा मागून ट्रकनं गाडी चेपली होती.

"टायर फुटून तो गेला नाही," साहेब म्हणाले. "न सांगितल्यामुळे गेला."

मी ज्या पोत्यावर बसलो होतो ते पाचवं पोतं होतं की दुसरं, मला माहीत नाही. पण मला तिथे बसवेना. आता कसं सांगू, की तुमच्या गाडीतही स्टेपनी नाही, परवापासून नाही? इकडे आड, तिकडे विहीर. मी "हो साहेब" म्हटलं आणि पाणी आणायच्या निमित्तानं उठलो. आणि इतकं ऐकूनही माझ्या डोक्यात आलं नाही की दिव्याचा आणि स्टेपनीचा काही संबंध असेल. जे चाक रस्त्याला लागत नाही त्याची कसली हवा आणि कसला दिवा. अठरा वर्षं गाड्या चालवल्याची मस्ती, दुसरं काय.

सोमवार उजाडला. डोंगराच्या त्या अंगाला मोबाइलला रेंज नसे, म्हणून मी गावातल्या किराणा दुकानातल्या फोनवर नाणी टाकत सर्व्हिस सेंटरचा नंबर पुन्हा लावला. या वेळी हट्ट धरला की मला हत्यार धरणाऱ्या माणसाशीच बोलायचं आहे. बऱ्याच वेळानं एक मेकॅनिक आला. दिवा एकदम लागतो की आधी लुकलुकतो, त्यानं विचारलं. आधी लुकलुकतो, मी सांगितलं. मग हवा कमी नाही, तो म्हणाला, हवा कमी असती तर सरळ लागला असता. लुकलुकतो म्हणजे एका चाकाची डबी गाडीशी बोलतच नाही आहे.

"किती चाकं बघितलीत?"

"चारी बघितली."

"आणि पाचवं?"

या गाडीच्या स्टेपनीतही डबी असते, तो सांगत होता, स्टेपनी डिकीत आहे ना, ती जरा बघा. नाणं संपलं, फोन बंद झाला. दुकानदारानं विचारलं, बरं नाही का. मी त्याच्या बाकड्यावर बसलो. तीन दिवस मी ज्या पिंजऱ्यात फिरत होतो त्याचं दार मीच बाहेरून ओढून घेतलं होतं आणि वर ते उघडत नाही म्हणून बोंबलत होतो. मला हसूही आलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशीही वाटली.

साहेबांना म्हटलं, शहापूरला एक जाणता माणूस आहे, त्याला दाखवून येतो. ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले आणि जा म्हणाले.

घरी पोचलो तर स्टेपनीवर पाण्याचं पिंप. बायकोला बैठक आवडली होती, पिंप हलत नाही म्हणे. आम्ही दोघांनी पिंप रिकामं केलं, चाक काढलं. मी घाईत तिच्यावरच डाफरलो, कशाला ठेवलंस याच्यावर. तिनं पदराला हात पुसले.

"तुमीच ठेवलंत ना हितं. मंगळवारचं सांगलंत काय सायबांना?"

"नाय गो."

"आनि चाकाचं?"

"नाय."

"मंग तुमी तीन दिस तिथं बोलत काय व्हतांव?"

मी चाक डिकीत घातलं, शहापूरला त्यात हवा भरून घेतली आणि मुरबाडच्या रस्त्याला लागलो. दिवा लुकलुकला, मग पेटून राहिला. मी त्याच्याकडे बघत नाही असं दाखवत बघत होतो. काळू नदीचा पूल ओलांडताना समोरून एसटी आली म्हणून नजर वर केली आणि खाली बघतो तर दिवा नव्हता. मी गाडी कडेला घेतली. सोमवारचे चार वाजत होते. अजून वेळ होता. सगळं जमत होतं. वायर ढिली होती असं सांगायचं, साडेचारला निघायचं, आठपर्यंत मुंबई, बाईसाहेबांकडून लायसन. माझी वाक्यं मी पाठ करून टाकली.

साहेब गाडीभोवती एक चक्कर मारून शेजारी बसले. किल्ली फिरवली. आठ दिवे लागले, आठही विझले. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

"काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

वायर हा शब्द माझ्या ओठांवर होता. तो का निघाला नाही, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी चांगुलपणानं बोललो असं कोणी समजू नये. तीन दिवस दडवून दडवून मी इतका थकलो होतो की आणखी एक गोष्ट दडवायला जागाच उरली नव्हती.

"स्टेपनी घरी ठेवली होती मी, साहेब. पाचवं पोतं बसावं म्हणून. तुमाला सांगलं नाय."

ते खाली उतरले. डिकी उघडली, गालिचा उचलला, स्टेपनीवर तळहात दाबून पाहिला. मग मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसले. साडेसहा वर्षांत ते कधी मागे बसले नव्हते. मुरबाड, कल्याण, ठाणं एकेक करून मागे पडलं. तांदळाची पाचही पोती ओसरीतच राहिली.

मुंबईला घरी पोचल्यावर त्यांनी मला दारात थांबवलं. आतून कपाटाची कडी वाजली. ते लायसन घेऊन आले.

"उद्या आठ वाजता ठाण्याला ना?"

शुक्रवारीच ते पत्र त्यांनी वाचलं होतं. दिव्याचं चित्र शोधायला त्यांनी ते जपानी पुस्तक उघडलं होतं. दिवा लागल्यावर माणूस गाडीचं पुस्तक उघडणार, एवढी साधी गोष्ट माझ्या हिशेबात आली नव्हती. पत्र पुन्हा तसंच्या तसं घडी घालून त्यांनी जागेवर ठेवलं होतं.

"तू सांगशील म्हणून वाट पाहिली. सांगितलं असतंस तर शनिवारीच तुला एसटीत बसवून दिलं असतं, कपाटाची किल्ली देऊन." त्यांनी लायसन माझ्या हातात दिलं. "जा, चांगली चालव. पण ती नोकरी लागली नाही तरी इकडे येऊ नकोस. तुझ्या शेजारी मला आता बसवणार नाही."

मी त्यांच्या पाया पडलो आणि जिना उतरलो. तिसऱ्या मजल्यापर्यंत मला फक्त लाज वाटत होती. मग राग आला. मी सांगितलं नाही हे खरं, पण माहीत असून तुम्ही तरी कुठे सांगितलंत? मी पट्टी चिकटवत होतो तेव्हा तुमच्या मनात मंगळवार होताच ना? ज्याचं लायसन कपाटात ठेवलंय त्यानंच आधी तोंड उघडावं, असा नियम कोणी केला? हा राग अजून माझ्याजवळ आहे. लाजही आहे. दोन्ही एकमेकांना हटवत नाहीत.

मंगळवारी ठाण्याच्या मैदानावर माझ्या आधीचे सगळे गडी चाकांना लाथा मारून वर चढत होते. मी आधी बसखाली वाकलो. तिकडे काय बघतोस, असं अधिकाऱ्यानं विचारलं. स्टेपनी आहे का बघतो, मी म्हटलं. त्यानं कागदावर काही तरी लिहिलं. मी पास झालो. पुढे सोळा वर्षं बस चालवली आणि लायसन रोज माझ्याच वरच्या खिशात होतं.

नोकरीचा कागद हातात आल्यावर मी साहेबांच्या घरी फोन केला. बाईसाहेबांनी उचलला. बरं झालं म्हणाल्या, मुलींची चौकशी केली. नवा ड्रायव्हर कसा आहे, मी विचारलं. त्यांनी कोणाला ठेवलंच नव्हतं. दोघे येऊन गेले, साहेब एकाच्याही शेजारी बसले नाहीत. मुरबाडला जाणं बंद झालं होतं. गाडी खाली झाकून ठेवली होती आणि उभ्या-उभ्याच तिची चाकं बसत चालली होती.

"तुझ्याबरोबरच तेवढे बसायचे रे," बाईसाहेब म्हणाल्या.